दाराबाहेरचे नाना

मॅच सुरू झाली की नाना घराबाहेर जायचे. टीव्ही त्यांचा, घर त्यांचं, आणि वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत फुटबॉलचं वेड आणलं तेही त्यांनीच. तरी भारताची मॅच लागली की आत अर्धा मजला मांडी घालून बसलेला असायचा आणि नाना बाहेर पॅसेजमध्ये, हाताची घडी घालून, भिंतीला टेकून उभे. मध्ये दाराचा पडदा. नवीन माणसाला वाटायचं, नानीशी काहीतरी बिनसलंय.

आमची खोली त्यांच्या बरोब्बर समोर. दोन दारांमध्ये फक्त पॅसेज, आणि नाना टेकायचे ती भिंत आमची. मी उंबऱ्यात बसून गृहपाठ करायची. मला फुटबॉलमधलं आजही फार कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते नानांनी काड्यापेटीतल्या काड्या मांडून मला कितीदा तरी समजावलं आणि दर वेळी मी समजल्यासारखी मान डोलावली. पण भारताच्या जेवढ्या मॅच त्या घरात झाल्या, त्या सगळ्या मी नानांच्या तोंडावर बघितल्या आहेत. आत बसणाऱ्यांना ते कधी दिसलं नाही.

नाना गोदीत कारकून होते आणि गोदीच्या टीमकडून बॅकला खेळायचे. "बॅकला कोणी खांद्यावर घेत नाही," ते म्हणायचे. "गोल वाचला तर कीपरची वाहवा, गोल झाला तर बॅकच्या नावानं शिमगा." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत, माहिती म्हणून सांगत. कामावरून आले की चहा पिऊन थेट जांबोरी मैदानात. चाळीतल्या पोरांना तोवर क्रिकेट आणि कबड्डी सोडून तिसरं काही ठाऊक नव्हतं. सगळी पोरं घोळक्यानं बॉलमागे पळायची आणि नाना कडेनं ओरडायचे, "अरे, रेशनच्या लाइनीत उभे आहात काय? पांगा!" ती पोरं आता बाप्ये झालीत, पण कुठे गर्दी केली की एकमेकांना अजून 'पांगा' म्हणतात.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर नानांइतका कट्टर माणूस अख्ख्या चाळीत नव्हता. जयंतीच्या कार्यक्रमात दर वर्षी त्यांचं त्यावर भाषण ठरलेलं. एकदा नाक्यावर कोणीतरी ओवाळून टाकलेला नारळ त्यांनी भर सकाळी उचलून आणला, फोडला, नानीला चटणी वाटायला लावली आणि वाटीवाटीनं मजल्यावर पोचवली. लोकांनी हसत घेतली आणि खाल्ली कोणीच नाही. भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांनीसुद्धा नाही. मग नानांनीच ती भाकरीबरोबर संपवली आणि दुसऱ्या दिवशी दारोदार जाऊन विचारलं, "नीट बघा, जिवंत आहे का मी?"

असा माणूस मॅच लागली की बाहेर उभा राहतो, याचं कारण मिलिंद. नानांचा एकुलता एक मुलगा. माझ्याच वर्गात होता. आम्ही दुसरी-तिसरीत असू. भारताची मॅच चालली होती. नाना उठून नळावर तोंड धुवायला गेले आणि आपण गोल केला. टॉवेल खांद्यावर टाकून आत येऊन बसले, तर समोरच्यांनी गोल केला. कोणीतरी हाक मारली म्हणून पुन्हा बाहेर आले, आपला दुसरा गोल. आता ते परत आत शिरणार तोच मिलिंद दारात आडवा हात लावून उभा राहिला. "पप्पा, तुम्ही बाहेरच थांबा ना. प्लीज." रडायच्या बेतात होता. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "अरे, आपण इथे उठलो-बसलो त्याचा तिकडच्या बॉलला काय पत्ता?" मिलिंदनं हात काढला नाही. नाना त्याच्याकडे बघत राहिले, मग उठून आमच्या भिंतीला टेकले. ती मॅच आपण जिंकलो, आणि त्या दिवसापासून तो कायदाच झाला.

त्या कायद्यात पळवाट नव्हती. जिंकलो तर नाना बाहेर होते म्हणून. हरलो तर नाना मध्येच पडद्यातून डोकावले असणार. नानांनी शपथेवर सांगितलं तरी कोणी ऐकायचं नाही. "नाना, खरं बोला, सेकंड हाफला बघितलंत ना?" असं मोठी मोठी माणसं विचारायची.

नानीला हे अजिबात खपत नसे. ती मोरीपाशी भांडी आपटत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "आपल्या माणसांना आत यायला किती पिढ्या लागल्या! आणि हे बघा, स्वतःच्या घराबाहेर स्वतःच्या पायांनी जाऊन उभे राहतात. स्टेजवर भाषणं काय देता मग?" नाना पडद्याबाहेरून शांतपणे म्हणायचे, "माझा विश्वास नाही. पोराचा आहे. मोठा झाला की जाईल." "आणि नाही गेला तर?" "तर मी उभा आहेच की."

हळूहळू नाना कानांनी मॅच बघायला शिकले. आतून 'अर्रर्र' लांबलं की बॉल बाहेर गेला. 'अर्रर्र' मध्येच तुटलं की कीपरनं धरला. सगळे एकदम गप्प झाले की नाना डोळे मिटून घ्यायचे, कारण मग बॉल आपल्या गोलपाशी असायचा. गोल झाला की आतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची आणि बाहेर नाना एकटेच हसायचे. हाताची घडी तशीच ठेवून.

मिलिंद आतून ओरडायचा, "पप्पा, कॉर्नर!" नाना बाहेरून विचारायचे, "जवळच्या खांबाशी माणूस आहे का?" "आहे!" "मग घाबरू नको." पुढे मिलिंद कॉलेजात गेला, मिश्या फुटल्या, बापाशी एरवी 'हं' आणि 'नाही' एवढंच बोलायला लागला. पण मॅच लागली की पडद्यातून दोघांची बडबड सुरू. शेजारी बसून जेवताना जे बोलणं व्हायचं नाही ते त्या मळकट पडद्याच्या आडून व्हायचं. मला वाटतं दोघांनाही ते माहीत होतं.

नोकरी लागल्यावर मिलिंदनं पहिल्या बोनसमध्ये अर्धी भिंत व्यापेल असा टीव्ही आणला. समोर एक खुर्ची मांडली. "पप्पा, आज आत बसायचं. बस झालं ते." नानांनी तोवर चपला घातल्याही होत्या. "मॅच जिंकायची ना?" "पप्पा, अहो, मी तेव्हा लहान होतो." "असू दे रे. आता सवय झाली. आतून मला काही दिसायचं नाही." नाना हसत बाहेर आले, मिलिंद आत हसला, मीही आमच्या दारात हसले. त्या खुर्चीत शेवटी नानी बसली आणि पूर्ण वेळ लसूण सोलत राहिली.

मग साथीचं ते वर्ष आलं. मिलिंदला ताप आला, दम लागायला लागला, आणि त्याला परळकडच्या एका हॉस्पिटलात नेलं. आत कोणालाच सोडत नव्हते. नाना समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे, तोंडाला रुमाल, हाताची घडी. मी डबा घेऊन जायची. "घरी चला नाना, इथे उभं राहून काय होणार?" तर म्हणाले, "असू दे. मी बाहेर असलो की त्याचं बरं चालतं." मी त्यांच्याकडे बघितलं. ते विनोद करत नव्हते.

मिलिंद गेला. फोन आला तेव्हा नाना हॉस्पिटलच्या गेटसमोरच होते, मी डबा घेऊन शेजारी. त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडचं बोलणं संपल्यावरही. मग मला म्हणाले, "बाहेरच होतो ना गं मी?" मी रडले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कितीतरी दिवस नाही. मी ऑफिसचं काम केलं, भाजी निवडली, लोकांना उत्तरं दिली. अंगात कापूस भरला होता जणू. आपल्याच वयाचा, समोरच्या दारातला मुलगा जातो आणि आपल्याला काही होत नाही, याचीच मला भीती वाटायची.

नानांचंही तसंच झालं. रडले नाहीत, चिडले नाहीत. वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे. कसे आहात विचारलं तर "चाललंय." मैदानात जाणं बंद. टीव्ही लावायचे, पण आवाज बंद करून, आणि समोर काय चाललंय ते बघायचे नाहीत. जयंतीच्या भाषणाला बोलवायला मंडळाची माणसं आली. नानांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझं काही खरं नाही."

बदलली ती नानी. जे ती आयुष्यभर भांडी आपटत सांगायची तेच आता अभिमानानं सांगायला लागली. कोणी भेटायला आलं की, "पोराच्या एका शब्दाखातर हा माणूस सगळी वर्षं बाहेर उभा राहिला. एक मॅच म्हणून आत बसून बघितली नाही. सांगा, असा बाप कोणाला मिळतो?" हे सांगताना तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत व्हायचा. बाकी वेळी तो ऐकूच यायचा नाही. नाना तेव्हा फरशीकडे बघत बसायचे.

नाना आता नाहीत. गेल्या थंडीत झोपेतच गेले, कोणाला हाक न मारता. त्यांच्याबद्दल सगळे पडद्याची आणि पॅसेजची गोष्ट सांगतात आणि हसतात. मला मात्र ते आठवतात ते एका वेगळ्याच दिवसाचे.

चाळ पाडायला घेतली तेव्हा दोघं लालबागला एका उंच इमारतीत भाड्यानं राहायला गेली. आम्ही काळाचौकीला. लालबागच्या घरात चांगली हवा यायची, नळाला दिवसभर पाणी होतं, आणि दार लावलं की जगाशी संबंध संपायचा. दाराबाहेर लिफ्टपुरती जागा, तिथे ट्यूबलाइट आणि बंद दारं. त्या वर्षी दक्षिण आशियाची फुटबॉल स्पर्धा आपल्याकडेच भरली होती, बंगळुरूला, आणि आपण फायनलला पोचलो होतो. मला काहीच कल्पना नव्हती. मला नानीचा फोन आला होता तो वेगळ्याच कारणानं. "विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालंय, मला जायचंय. पण ह्यांना एकटं सोडवत नाही. तू ऑफिसातून इकडेच ये ना, सुजा."

नानी गेली. मी टीव्ही लावला, चॅनल बदलता बदलता हिरवं मैदान दिसलं आणि आपल्या मुलांचे निळे शर्ट. "नाना, फायनल आहे. आपली." "असू दे," नाना म्हणाले. मी आवाज वाढवला. ते खुर्चीत बसले होते, मी खाली चटईवर. बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मॅच चालू आहे आणि नाना आत आहेत.

समोर एका आखाती देशाचा, स्पर्धेला पाहुणा म्हणून बोलावलेला संघ होता. त्यांनी आधी गोल केला. नाना अर्धवट उठले. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, मी काही म्हणेन म्हणून ते थांबलेत. त्यांना बाहेर जा म्हणणारं माणूसच आता घरात नव्हतं. मला ते म्हणता आलं नाही आणि 'बसा' म्हणायलाही तोंड उघडेना. नाना तसेच खुर्चीचे हात धरून थोडा वेळ अडकले, आणि मग खाली बसले.

आपण बरोबरी केली. नाना पुढे सरकले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना खेळाबद्दल बोलताना ऐकलं. "तो डावा बॅक बघ. कोणी बघत नाही त्याच्याकडे, पण सगळं तोच सावरतोय." जादा वेळ झाला, तरी निकाल नाही. पेनल्टी सुरू झाल्या. आपला एक चुकला, त्यांचा एक चुकला. पुन्हा सारखे. नाना चटईवर माझ्या शेजारी येऊन बसले होते, कधी आले ते मला कळलं नाही. "आता एक चुकला की संपलं," ते म्हणाले. त्यांचा माणूस धावत आला, आपल्या कीपरनं बाजूला झेप घेतली, बॉल त्याच्या हातांना लागून बाहेर गेला. तिकडे सगळं स्टेडियम उभं राहिलं.

"जिंकलो!" मी म्हणाले. ते दुसरंच कोणी बोलल्यासारखं वाटलं. इमारतीत कुठेच काही आवाज झाला नाही. दारं बंद होती. टीव्हीवर आपली मुलं झेंडा घेऊन धावत होती, एक जण गवतावर पडून रडत होता. मी नानांच्या तोंडाकडे बघितलं, लहानपणापासूनच्या सवयीनं. तिथे काहीच नव्हतं.

"आवाज बंद कर," नाना म्हणाले. मी केला.

"मी आत होतो," ते म्हणाले. "आत होतो आणि जिंकलो."

"हो नाना."

"म्हणजे चाललं असतं." ते टीव्हीकडेच बघत होते. "त्यानं खुर्ची मांडली होती गं. बोलवत होता. त्याच्या शेजारी बसलो असतो तरी चाललं असतं."

"नाना, ती गंमत होती. तुमचा कधी विश्वास तरी होता का?"

"नव्हता." नाना म्हणाले, "पण वाटायचं, पोरासाठी काहीतरी करतोय. त्या गेटवर उभा होतो ना, तेव्हाही तेच वाटत होतं." त्यांचा आवाज हलला नाही. हलला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात गार होता, आणि मला त्या क्षणी त्या कपाचा, त्या झेंड्याचा, सगळ्याचा राग आला. मिलिंद गेल्यापासून मला पहिल्यांदा काही वाटलं असेल तर तो हा राग.

"तुझ्या नानीला सांगू नकोस," नाना म्हणाले. "तिच्याकडे तेवढंच आहे."

लिफ्टचं दार वाजलं. नाना उठून खुर्चीत जाऊन बसले. नानी आत आली, पांढऱ्या साडीचा पदर झटकत. "खाली वॉचमन म्हणत होता, आपण जिंकलो म्हणून. कसली तरी फायनल होती म्हणे. खरं?"

"खरं," मी म्हणाले.

नानीनं बंद आवाजाचा टीव्ही बघितला, मग नानांना बघितलं. "आणि हे? हे आत बसून होते की काय?"

नाना खाली बघत होते.

"नाही नानी," मी म्हणाले. "बाहेर होते. लिफ्टपाशी. आत्ता आले आत."

नानीच्या तोंडावर जे आलं ते मी मिलिंद गेल्यापासून बघितलं नव्हतं. "वाटलंच मला," ती म्हणाली. "म्हणून तर जिंकलो. ह्या वयात एवढा वेळ उभं राहायचं म्हणजे!" तिनं पिशवी ठेवली, आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आली आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "आणा इकडे. दुखत असतील."

नानांनी पाय पुढे केले.